रोबोट × लेझरबीम : हायस्कूल गोल्फच्या मंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका कुणाची, कधीची आणि किती मोठी?

तादातोशी फुजिमाकी यांची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ती मार्च २०१७ ते जून २०१८ या काळात आली. ६२ प्रकरणं, ७ खंड. फुजिमाकींचं नाव बहुतेकांना ‘कुरोकोज बास्केटबॉल’मुळे माहीत असतं. ती मालिका ३० खंड चालली, त्या मानाने ही छोटी. दोन-तीन सुट्ट्यांत वाचून होते.

कथा काय? शेवट न सांगता सांगा.

हातोहारा रोबातो हा हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा. चेहऱ्यावर भाव नाहीत, मनात एक आणि ओठावर दुसरं हा प्रकार नाही, म्हणून टोपणनाव ‘रोबो’. त्याचा मित्र तोमोया गोल्फवेडा आहे आणि याने गोल्फ खेळावं म्हणून मागे लागलेला असतो. रोबोचं वैशिष्ट्य एकच: त्याचा चेंडू सुतासारखा सरळ जातो. मग गाठ पडते मिउरा योझान या असामान्य खेळाडूशी, आणि आजवर कशाचंच फारसं काही न वाटणाऱ्या मुलाला पहिल्यांदा काहीतरी वाटू लागतं.

जपानमध्ये हायस्कूल तीन वर्षांचं असतं, वय साधारण १५ ते १८. आपल्या हिशेबाने दहावी ते बारावी.

गोल्फचा गंध नाही. तरी वाचू का?

वाचा. पण आधी चार गोष्टी पक्क्या करून घ्या, नाहीतर तिसऱ्या प्रकरणापासून नुसती चित्रं पाहत बसाल.

प्रत्येक होलला (पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याच्या खळग्यापर्यंतचा एक टप्पा) एक ‘पार’ ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूला अपेक्षित असलेले फटके: ३, ४ किंवा ५. १८ होल मिळून बहुधा ७२. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, तीन कमी तर अल्बाट्रॉस. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. स्कोअर ‘उणे ३’ असा दाखवला असेल तर खेळाडू पारच्या तीन फटके पुढे आहे. इथे उणे म्हणजे चांगलं, हे क्रिकेटवर वाढलेल्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागतो.

पार मोजताना ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) दोन ‘पट’, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवणारे फटके, धरलेले असतात. म्हणून पार ४ च्या होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठणं हे ‘वेळेवर’ असणं. एवढं कळलं की सामना कुठे फिरला ते पात्रांनी ओरडून सांगायच्या आधी तुमच्या लक्षात येतं: समोरच्याचा तिसरा फटका अजून रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) आहे आणि आपला नायक दोनमध्ये ग्रीनवर आहे, म्हणजे तो होल जवळपास झालाच.

अंतरं यार्डांत असतात. १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, घाईच्या हिशेबाला आकड्यातून दहावा हिस्सा वजा करा, मीटर मिळतात.

पात्रं फटक्याआधी इतका वेळ जमिनीकडे का बघतात?

कारण खरा प्रतिस्पर्धी तिथे असतो. टेनिसमध्ये समोरचा तुमचा चेंडू परतवतो. गोल्फमध्ये समोरच्याला तुमच्या चेंडूला हातही लावता येत नाही. त्यामुळे या मंगातले चांगले प्रसंग दोन खेळाडूंच्या नजरानजरेत सापडत नाहीत, ते चेंडू कशावर पडलाय यात असतात. त्या एका चौकटीवर थांबायची सवय लावा.

बघायचं काय, ते उजव्या हाताच्या खेळाडूसाठी असं:

चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाऊ पाहतो, खाली असेल तर उजवीकडे. चढावर उभं राहून मारला तर उंच आणि आखूड जातो. उतारावर मारला तर खालून निघतो आणि पडल्यावर धावतो.

रफमधलं गवत चेंडू आणि क्लबचा चेहरा (गोल्फच्या काठीचा चेंडूला लागणारा सपाट भाग) यांच्यामध्ये आलं की बॅकस्पिन, म्हणजे चेंडूचं उलटं फिरणं, मरतो. गवत दाट असेल तर क्लबच अडकतो आणि चेंडू जेमतेम पुढे सरकतो. पण गवत अर्धवट असेल तर उलटं घडतं: चेंडू नेहमीपेक्षा लांब उडतो आणि ग्रीनवर थांबत नाही. याला ‘फ्लायर’ म्हणतात. मंगात ‘छान बसलाय चेंडू’ असं वाटणाऱ्या जागेवरून फटका ग्रीनच्या मागे गेला तर कारण बहुधा हेच.

वारा: समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका पाठीमागचा वारा फायदा करत नाही. ढोबळ नियम असा की ताशी १६ किलोमीटरच्या वाऱ्याला समोरून १० टक्के अंतर वाढवून धरायचं, मागून ५ टक्के कमी. १५० यार्डांचा फटका समोरच्या वाऱ्यात १६५ चा समजून खेळायचा. जपानी मंगात वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद असा येतो. ताशी १६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार मीटर.

रोबोसारखा अगदी सरळ चेंडू खरोखर मारता येतो का?

कधीतरी येतो. दर वेळी नाही, आणि मालिकेची खरी गंमत इथेच आहे. बाकीच्या क्रीडा मंगांत नायकाकडे वळणारा, नाहीसा होणारा, आग ओकणारा फटका असतो. इथे नायकाकडे आहे तो गोल्फमधला दिसायला सगळ्यात साधा आणि जमायला सगळ्यात अवघड फटका.

चेंडू कुठल्या दिशेला निघतो ते मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा चेहरा कुठे बघतोय त्यावर ठरतं, क्लबनुसार सुमारे ७५ ते ८५ टक्के. उरलेला भाग क्लबच्या मार्गाचा, म्हणजे क्लब कुठून कुठे चाललाय त्याचा. चेहऱ्याची आणि मार्गाची दिशा एक नसेल तर चेंडूच्या फिरण्याचा अक्ष कलतो आणि चेंडू हवेत वळतो. शिवाय चेंडू चेहऱ्याच्या मधोमध लागला नाही तर ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं) डोकं किंचित फिरतं आणि चेंडूला आणखी वळण मिळतं. उजव्या हाताच्या खेळाडूने टोकाकडच्या भागाने मारला तर तो डावीकडे वळतो, दांड्याकडच्या भागाने मारला तर उजवीकडे.

म्हणजे सरळ चेंडूसाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: चेहरा, मार्ग आणि आघाताची जागा. आता चुकीची किंमत बघा. दिशा फक्त १ अंशाने चुकली तर २५० यार्डांवर चेंडू सुमारे ४ यार्ड बाजूला पडतो. ३ अंशांनी चुकली तर १३ यार्ड. फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, ३० यार्ड रुंद धरला तर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १५ यार्डच मिळतात. त्यात जरासं वळण मिसळलं की चेंडू रफमध्ये.

म्हणूनच बरेच व्यावसायिक खेळाडू सरळ मारायच्या भानगडीत पडत नाहीत. ते ठरवून एकाच बाजूला वळवतात: फेड (हलकेच उजवीकडे) किंवा ड्रॉ (हलकेच डावीकडे). फेडवाला फेअरवेच्या डाव्या कडेकडे रोख धरतो. वळला तर मध्ये, कमी वळला तर डावीकडे, जास्त वळला तर उजवीकडे, आणि तिन्ही वेळा फेअरवेवरच. सरळ मारणाऱ्याला मात्र चूक कुठल्या बाजूला होईल ते आधी कळत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंची धास्ती. फक्त सरळ मारता येणाऱ्याची दुसरी अडचण वळणदार होलवर येते. होल डावीकडे वळतोय, कोपऱ्यावर झाडं आहेत: सरळ चेंडू एकतर झाडात जाणार किंवा कोपरा ओलांडून पलीकडच्या रफमध्ये.

मला सरळ चेंडूचा सराव करायचाय. सुरुवात कुठून करू?

ड्रायव्हर बाजूला ठेवा, ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा धातूचा क्लब) घ्या.

१. जमिनीवर दोन काठ्या समांतर ठेवा. एक चेंडूच्या पलीकडे, लक्ष्याकडे रोख धरून. दुसरी पायांच्या टोकांना लागून. पाय, कंबर, खांदे दुसऱ्या काठीला समांतर. पाय समांतर आणि खांदे भलतीकडे, ही नेहमीची चूक. ती स्वतःला दिसत नाही, मागून कुणाला तरी बघायला सांगा.

२. क्लबच्या चेहऱ्यावर पायाला लावायची पावडर हलकी फवारा. चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो.

३. हात कमरेपर्यंतच न्या आणि कमरेपर्यंतच थांबवा. असे १० चेंडू. ठसे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येऊ लागले की मगच पूर्ण स्विंग.

४. प्रत्येक चेंडूचं आधी निघणं बघा, मग वळणं. सरळ निघून उजवीकडे वळला: चेहरा बरोबर आहे, मार्ग बाहेरून आत येतोय. डावीकडे निघून उजवीकडे वळला: मार्ग आणखी बाहेरून येतोय. उजवीकडे निघून तसाच सरळ गेला: चेहरा आणि मार्ग दोन्ही उजवीकडे, बहुधा उभं राहण्यातच चूक.

रेंजवरच्या (सरावाच्या जागेवरच्या) चटईवर एक फसवणूक होते. क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी चटईवरून घसरत पुढे जातो आणि फटका ठीकठाक वाटतो. गवतावर हाच फटका मातीत रुततो. आवाज ऐका: स्वच्छ फटक्यात आधी चेंडूचा ‘टक’ येतो, खराब फटक्यात आधी चटईचा ‘धप’.

आणि चित्रातल्या पात्रांसारखं अंग पिळून, दात ओठ खाऊन मारू नका. ती चौकट फटका झाल्यानंतरची असते.

ग्रीनवर ‘गवताची दिशा’ असं सारखं येतं. ते काय?

हे खास जपानी प्रकरण आहे. जपानमधल्या बऱ्याच जुन्या कोर्सवर एका होलला दोन ग्रीन असत: एक बेंट गवताचं, एक कोराई गवताचं. बेंटला थंडी मानवते आणि जपानचा उन्हाळा झेपत नाही, कोराईचं उलटं. म्हणून ऋतूनुसार ग्रीन बदलायचं. कोराईची पाती ताठ असतात आणि एका बाजूला झुकून वाढतात. झुकावाच्या दिशेने पट केला तर चेंडू पुढे पळतो, विरुद्ध दिशेने केला तर लवकर थांबतो, आडवा केला तर बाजूला ओढला जातो. उतार डावीकडे असूनही चेंडू सरळ गेला, असं चित्रात दिसलं तर ती चूक नाही. गवताने उतार फेडला.

ओळखायचं असं: ग्रीन चकचकीत आणि फिकट दिसलं तर गवत तुमच्यापासून लांब झुकलंय, काळपट दिसलं तर तुमच्याकडे.

मंगातले नियम हल्लीच्या नियमांशी जुळत नाहीत. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. मालिका जून २०१८ ला संपली आणि १ जानेवारी २०१९ पासून गोल्फच्या नियमांत मोठे बदल झाले. वाचताना हे लक्षात ठेवा:

हरवलेला चेंडू शोधायला तेव्हा ५ मिनिटं मिळत, आता ३. चेंडू ड्रॉप करताना तो खांद्याच्या उंचीवरून सोडत, आता गुडघ्याच्या. ग्रीनवरून मारलेला पट झेंड्याच्या काठीला लागला तर २ फटक्यांचा दंड होता, आता नाही, त्यामुळे तेव्हा कुणीतरी काठी धरून उभं असायचं. एकाच स्विंगमध्ये चेंडूला दोनदा क्लब लागला तर दंडाचा एक फटका वाढायचा, आता तो एकच फटका धरतात. बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे आता ग्रीनवर नीट करता येतात. कॅडीला (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) आता खेळाडू पवित्रा घेत असताना त्याच्या मागे, रोखाच्या रेषेत, उभं राहता येत नाही.

न बदललेलं: पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब. एक जास्त निघाला तर ज्या होलवर तो बरोबर होता त्या प्रत्येकी २ फटके दंड, फेरीत जास्तीत जास्त ४. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. होलचा खळगा १०८ मिलिमीटर रुंद.

स्ट्रोक प्ले आणि मॅच प्ले यात फरक काय?

स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या फटक्यांची बेरीज. मॅच प्लेमध्ये प्रत्येक होल हा वेगळा सामना; जो कमी फटक्यांत संपवेल त्याला तो होल. एका होलवर ९ फटके लागले तरी नुकसान एकाच होलचं. ‘३ आणि २’ असा निकाल म्हणजे दोन होल शिल्लक असताना एक जण तीनने पुढे, म्हणून खेळ तिथेच थांबला. मंगाकारांना मॅच प्ले आवडतो, कारण त्यात समोरासमोर दोघे राहतात. प्रत्यक्षातल्या शालेय स्पर्धा मात्र मुख्यतः स्ट्रोक प्लेच्या.

जपानमध्ये हायस्कूल गोल्फला खरोखर एवढं महत्त्व आहे?

बेसबॉलएवढं अजिबात नाही, पण व्यवस्था पक्की आहे. अखिल जपान हायस्कूल स्पर्धेला ‘हिरवं कोशिएन’ म्हणतात; कोशिएन हे हायस्कूल बेसबॉलचं पवित्र मैदान, त्यावरून. काही शाळांचं नाव गोल्फसाठीच घेतलं जातं: कोचीमधली मेइतोकु गिजुकु, जिथे हिदेकी मात्सुयामा शिकला (२०२१ चा मास्टर्स विजेता), किंवा सेंदाईचं तोहोकु हायस्कूल. तोहोकुत शिकत असतानाच आइ मियाझातोने २००३ मध्ये हौशी खेळाडू म्हणून व्यावसायिक स्पर्धा जिंकली.

पैशाचा प्रश्न असतोच. जपानमध्ये गोल्फ कोर्सवर खेळण्याचा वेगळा कर आहे, प्रमाण दर दिवसाला ८०० येन. १८ वर्षांखालच्यांना तो माफ असतो. तरीही रोजचा सराव कोर्सवर परवडत नाही, तो होतो शहरातल्या जाळी लावलेल्या बहुमजली रेंजवर.

शाळकरी मुलं व्यावसायिकांना हरवतात, हे अतीच नाही का?

मे २००७ मध्ये र्‍यो इशिकावा या १५ वर्षांच्या हायस्कूलच्या मुलाने मुन्सिंगवेअर ओपन केएसबी कप ही व्यावसायिक टूरवरची स्पर्धा जिंकली. हौशी असल्याने बक्षिसाचे पैसे त्याला मिळाले नाहीत. २००८ च्या जानेवारीत तो व्यावसायिक झाला, २००९ मध्ये कमाईच्या यादीत पहिला आला, आणि मे २०१० मध्ये ‘द क्राउन्स’च्या शेवटच्या दिवशी ५८ फटक्यांची फेरी खेळून जिंकला. एवढं सगळं एकाच पात्राला दिलं असतं तर वाचकांनीच नाकं मुरडली असती.

मग अतिशयोक्ती नेमकी कुठे आहे?

सातत्यात. एखादा अचाट फटका शक्य असतो; दर आठवड्याला नाही. दुसरं, वेळेत: हवेतला चेंडू सहा-सात सेकंदांत खाली येतो आणि तेवढ्यात पात्रांची पानभर चर्चा होते. स्पिनचं चित्रण मात्र बरंच खरं असतं. ड्रायव्हरने व्यावसायिकाच्या चेंडूला मिनिटाला सुमारे २,७०० फेरे मिळतात, ७ नंबर आयर्नने ७,००० च्या आसपास, वेजने (जवळून उंच उडवायच्या क्लबने) ९,००० हून जास्त. त्यामुळे वेजचा चेंडू पडून मागे येतो, ही कल्पना नव्हे. फक्त त्यासाठी स्वच्छ गवत, कोरडा क्लब आणि मऊ ग्रीन लागतं.

कथेतले कोर्स खरे आहेत का? खऱ्यांपैकी कुठला बघावा?

कथेसाठी होल हवे तसे आखून घेतात. खऱ्यांपैकी सैतामातलं कासुमिगासेकी कंट्री क्लब नीट बघा. १९५७ चा कॅनडा कप तिथेच झाला, जपानने जिंकला आणि देशभर गोल्फची लाट आली. टोकियो ऑलिंपिकचं गोल्फही तिथलंच: पुण्याचा उदयन माने त्यात खेळला, महिलांमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि जपानच्या मोने इनामीला रौप्य मिळालं. त्या फेऱ्यांचं चित्रण शोधून पाहिलंत तर झाडांनी वेढलेला जपानी फेअरवे किती अरुंद वाटतो ते कळेल.

मराठीत किंवा इंग्रजीत मिळते का? ॲनिमे आहे का?

मराठीत नाही. इंग्रजीत विझ मीडियाने डिजिटल स्वरूपात काढली आहे. टीव्ही ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) झालेला नाही. वाचताना पानं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे घ्यायच्या; यात गोल्फच्या वाचकाचा एक खास घोटाळा होतो. चेंडूची उड्डाणरेषा बहुतेकदा वाचनाच्या दिशेने काढलेली असते, म्हणून डावीकडे झेपावणारी प्रत्येक रेषा म्हणजे हुक (जोरात डावीकडे वळणारा फटका) नव्हे. दिशा ठरवायची तर वरून काढलेला होलचा नकाशा बघा.

ही संपली. पुढे काय वाचू?

हायस्कूलच हवं असेल तर केन सासाकींची ‘किंग गोल्फ’. २००८ मध्ये सुरू झालेली, खूप लांब. मारामाऱ्या करणारा सोसुके गोल्फकडे कसा वळतो त्याची. स्विंगचं तंत्र तिच्यात जास्त. लहान मुलांचा गोल्फ चालत असेल तर नाकाबा सुझुकींची ‘रायझिंग इम्पॅक्ट’, १७ खंड. तिचा ॲनिमे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. वाचायचा कंटाळा असेल आणि भौतिकशास्त्राचा आग्रह नसेल तर २०२२ चा ‘बर्डी विंग’ हा ॲनिमे बघा.